अकरा फ्लॉप्या आणि एक पत्र्याची पेटी

पडदा वर गेला आहे असं समजा. मंच छोटा आहे, जेमतेम तीन माणसं मावतील एवढा. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी, डावीकडे पोट उघडून ठेवलेले तीन संगणक, मधोमध काचेचं काउंटर. काउंटरपलीकडे चाळिशीतला दुकानदार, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. अलीकडे उंच स्टुलावर पंचाहत्तरीच्या एक बाई, पाठ ताठ, मांडीवर काळी पत्र्याची पेटी. त्यांच्यामागे प्रिंटरच्या खोक्यावर मी. वेळ सकाळी अकराची. प्रकाशयोजना म्हणाल तर एकच ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी. आमच्या दिवेवाल्या फोकसदादानं असली ट्यूब पाच मिनिटंसुद्धा सहन केली नसती.

पहिलं वाक्य बाईंचं.

"खोक्याचं प्लास्टिक मी फाडणार. तुम्ही हात लावू नका."

खोक्यात होता फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह. बाहेरून वायरनं जोडायचा, पुठ्ठ्याच्या वहीएवढा. त्यासाठी बाई चार दुकानं फिरल्या होत्या. पहिल्या तिघांनी हसून घालवलं. एकानं तर विचारलं, "आजी, फ्लॉपी म्हणजे ते 'सेव्ह'च्या बटणावर चित्र असतं तेच ना?" बाईंनी त्याला जे सुनावलं ते मी दाराबाहेरून ऐकलं. "सदर वस्तूवर तुमच्यासारख्यांचे पगार निघत होते. चित्र तुमचं निघालं नाही, तिचं निघालं, याचा विचार करा." हा चौथा दुकानदार हसला नाही. मागवून देतो म्हणाला, आणि पाचव्या दिवशी खरोखर मागवून दिला.

आता या बाई कोण ते सांगतो.

आमच्या नाट्यगृहात त्यांना सगळे खटखटबाई म्हणायचे. समोर नुसतं बाई. विसाव्या वर्षी त्या नाट्यगृहाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून चिकटल्या. वडील शिंपी, घरात दिवसभर मशीन चालायचं, त्यामुळे टाईपरायटरचा आवाज त्यांना परका वाटला नाही. कचेरी म्हणजे तिकीटखिडकीमागची एक खोली, एक टेबल, आणि मागच्या गल्लीत उघडणारी एक खिडकी. त्या टेबलावर आमचा सगळा संसार टाईप व्हायचा. नटांचे करार, हॉल भाड्यानं मागणाऱ्यांना उत्तरं, रंगपटातल्या भिंतीवर लावायच्या सूचना, नाटकांच्या संहिता. संहिता तर त्यांनी इतक्या वेळा टाईप केल्या होत्या की विंगेतल्या प्रॉम्प्टरचं पान हरवलं की तो बाईंकडे धावायचा. पण एकाही नाटकाचा तिसरा अंक त्यांनी पाहिला नाही, कारण शेवटची बस चुकायची.

"तिसऱ्या अंकात तुम्ही मरता, राजे," त्या मला म्हणायच्या. "मला ठाऊक आहे. टाईप मीच केलंय."

मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून राजे. त्या हाकेत आदर किती आणि टोमणा किती हे मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

बाईंचा एकच नियम होता. जे सांगितलं तेवढंच आणि जसं सांगितलं तसंच. शब्द गाळायचा नाही, पदरचा घालायचा नाही. कुणी सांगता सांगता चुकला तरी चूक तशीच उमटायची. "मी टाईप करते," त्या म्हणायच्या, "रचत नाही." आणि राग आला की त्या कचेरीच्या भाषेत यायच्या. इतर बायका आवाज चढवतात. बाईंच्या तोंडून 'सदर' किंवा 'उपरोक्त' निघालं की आम्ही दारं शोधायचो.

पुढे कचेरीत संगणक आला. टाईपरायटरवर जिथे जी कळ होती तिथेच संगणकावरही ठेवलेली, म्हणजे बाईंच्या बोटांना नव्यानं काही शिकावं लागलं नाही. त्या पडद्याकडे बघायच्याही नाहीत. समोरच्या कागदाकडे बघत टाईप करायच्या, आणि संध्याकाळी सगळं फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायच्या. कर्मचाऱ्यांसाठी टाईप केलेल्या अर्जांच्या फ्लॉप्या पुढे, मॅनेजरसाहेबांच्या उत्तरांच्या मागे, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

दिवे सांभाळायचा फोकसदादा. सव्वीस वर्षं त्यानं आमच्या तोंडावर उजेड पाडला. आम्ही सुंदर दिसलो असू तर त्याच्या मेहेरबानीनं. दादाचं अक्षर असं की लिहिलेलं त्याचं त्यालाच लागायचं नाही. म्हणून काही मागायचं झालं की तो बाईंच्या टेबलाशी उभा राहून तोंडी सांगायचा आणि बाई टाईप करायच्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब त्याच टेबलाशी उभे राहून उत्तर सांगायचे, तेही बाईच टाईप करायच्या. सवाल आणि जबाब एकाच खुर्चीतून निघायचे. दोन्ही भूमिका बाईंच्या, पण एकही वाक्य त्यांचं नाही.

त्या हंगामात दादानं तीन पत्रं टाईप करून घेतली. रंगमंचावर आडवे टांगलेले दिव्यांचे लांब पाईप असतात, त्यातल्या तिसऱ्या पाइपचा दोर कुजला होता. बदलून द्या, एवढीच मागणी. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. ते दादानं सांभाळून ठेवायला हवं होतं. पण दादा! तापलेल्या दिव्याचं झाकण उघडायला त्याला कागद लागला, खिशात हात घातला तर तोच हाताला आला. चतकोर जळला, उरलेला चुरगळून गेला.

सहा आठवड्यांनी दुपारच्या तालमीत तिसरा पाईप खाली आला. मी मंचावर होतो, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. नायिका नेमकी पाइपखाली होती. दादानं विंगेतून झेप घेतली, तिला ढकललं आणि पाईप स्वतःच्या कमरेवर घेतला. तो आजतागायत लंगडतो.

चौकशी चार दिवसांत उरकली. निष्कर्ष असा की दिवेवाल्यानं दोर नीट बांधला नव्हता. निष्काळजीपणा. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, दोराबद्दल कुणी कधी एक ओळही लिहिली नाही. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तीन पत्रं मी टाईप केली, फ्लॉपीवर आहेत. समितीतल्या एका गृहस्थानं फार गोड आवाजात सांगितलं, "बाई, फ्लॉपीवर सही नसते." आणि पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना तिकीटखिडकीवर बसवलं आणि संगणक साहेबांच्या केबिनमध्ये गेला. फ्लॉप्या मात्र जाऊ शकल्या नाहीत, कारण त्या आदल्या संध्याकाळीच बाईंच्या पिशवीतून घरी गेल्या होत्या.

मलाही समितीनं विचारलं होतं. मी म्हणालो, पत्राबिताचं मला माहीत नाही. ते खरं होतं. पण दादाला दोराकडे बघत शिव्या घालताना मी वीसदा ऐकलं होतं आणि तेवढं मी सांगितलं नाही. पुढच्या नाटकाचं पात्रवाटप व्हायचं होतं. हे लिहिताना मला माझाच राग येतो. येऊ दे.

पुढे दोन महिन्यांनी नोकरी गेली त्या दिवशी काठी टेकत दादा तिकीटखिडकीशी आला आणि बाईंसमोर ही पेटी ठेवून गेला. जुन्या दिव्यांच्या पत्र्याची, स्वतः कापून, वाकवून, काळा रंग देऊन केलेली. "तुमच्या फ्लॉप्या ठेवायला," म्हणाला. "माझ्यासाठी तुम्ही बोललात, बाई." झाकण असं घट्ट बसायचं की काय बिशाद आत धूळ जाईल.

अठ्ठावीस वर्षं ती पेटी बाईंच्या कपाटात राहिली. आम्ही सगळे म्हातारे झालो. आणि मग गेल्या महिन्यात नाट्यगृहाची स्मरणिका काढायचं ठरलं. माझ्या आठवणींचं एक पान त्यात होतं म्हणून तपासायला मला कच्चा मजकूर पाठवला. एकविसाव्या पानावर एक वाक्य होतं, 'दिवे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडलेला अपवादात्मक अपघात वगळता आपल्या रंगमंचाची वाटचाल निर्वेध झाली.'

मी ते बाईंना वाचून दाखवलं. चुकलंच माझं, आधी बसायला सांगायला हवं होतं.

"निर्वेध?" त्या म्हणाल्या. "त्या माणसाची कंबर मोडली आणि यांची वाटचाल निर्वेध? छपाई कधी आहे?"

"सोमवारी."

"आज मंगळवार. दादा ब्याऐंशीचे आहेत, राजे. त्यांची लेक ही स्मरणिका आणणार, घरात ठेवणार, नातवंडं वाचणार. छापलं की ते कायमचं. सदर वाक्य छापलं जाणार नाही."

तर आता पुन्हा दुकानात या. आज रविवार. म्हणजे हातात उरलेला दिवस एकच.

दुकानदारानं ड्राइव्ह जोडला. बाईंनी पेटी उघडली आणि पहिली फ्लॉपी अशी काढून दिली जशी नर्स तान्हं मूल बापाच्या हातात देते. ड्राइव्हनं ती गिळली, घुर्र केलं, टक टक केलं, पुन्हा घुर्र केलं. पडद्यावर एक चौकट आली. डिस्क फॉरमॅट केलेली नाही. फॉरमॅट करायची का?

दुकानदाराचं बोट सवयीनं गेलं आणि त्यानं 'हो' दाबलं.

फॉरमॅट करणं म्हणजे पाटी पुसून कोरी करणं, एवढं मलासुद्धा ठाऊक होतं. मी खोक्यावरून उठलोच. पण लगेच दुसरी चौकट आली. पुसता येत नाही, डिस्कला लिहिण्यापासून संरक्षण आहे.

"खिट्टी," बाई म्हणाल्या. आवाज शांत, पण नाकपुड्या थरथरत होत्या. "प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी मी त्याच संध्याकाळी सरकवून ठेवली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी. कुणीतरी तुमच्यासारखा भेटेल म्हणून."

"सॉरी बाई, हात गेला."

"हात तोडण्याची तरतूद नाही हे तुमचं नशीब. पुढची घाला."

पुढचीही तशीच. तिसरी, चौथी, पाचवीही तशीच. नववीपर्यंत घुर्र, टक टक आणि तीच चौकट. दुकानदारानं ड्राइव्ह काढून पुन्हा लावला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला, फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवून आत फुंकर घातली. नऊच्या नऊ मुक्या. दादाची तिन्ही पत्रं त्यातच होती.

"ओल लागली असेल," तो म्हणाला.

"माझ्या कपाटाला ओल? माझ्या कपाटाला?"

हातातला लहान स्क्रू-ड्रायव्हर त्यानं पेटीवर ठेवला आणि दहावी घ्यायला वाकला. खट्ट! स्क्रू-ड्रायव्हर घसरत गेला आणि झाकणाच्या पुढच्या कडेला उभाच्या उभा चिकटला.

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. दुकानदारानं तो ओढून काढला, सोडला. खट्ट.

"लोहचुंबक आहे," तो हळू म्हणाला. "तेही असं तसं नाही. म्हणून झाकण घट्ट बसतं. बाई, फ्लॉपीचा सगळ्यात मोठा वैरी लोहचुंबक. पुढच्या कडेला होत्या त्या सगळ्या यानं पुसल्या. ही पेटी तुम्हाला दिली कुणी? दुष्मनानं?"

बाईंचा चेहरा असा झाला, जसा मी तिसऱ्या अंकातल्या कुठल्याही राणीचा पाहिला नव्हता.

"ज्याची पत्रं होती त्यानं," त्या म्हणाल्या. आणि मग बांध फुटला. "राजे, बघितलंत? अख्खं जग त्या माणसाच्या विरुद्ध गेलं ते कमी होतं का? मॅनेजर खोटं बोलला, समिती झोपली, तुम्ही गप्प बसलात! आणि जी तीन पत्रं मी जिवापाड जपली, ती यांनी स्वतःच्या हातानं पेटी करून खाऊन टाकली! दिव्याचं झाकण उघडायला उत्तर जाळलं, पेटीचं झाकण लावायला पत्रं पुसली! या माणसाला झाकणांनी काय केलंय? मी जाऊन सांगणार आहे. तोंडावर सांगणार आहे."

"सांगा," मी म्हणालो. माझा उल्लेख ओझरता झाला होता, तो ओझरताच राहू द्यायचा होता. "पण दोन उरल्यात. त्या मागच्या कडेला होत्या ना?"

दहाव्या फ्लॉपीवर हॉलच्या खुर्च्यांचा नकाशा निघाला. अकरावीत सात फाइली. पुढे तारखा. अपघाताच्या आधीचे दोन महिने. मॅनेजरसाहेबांची उत्तरं.

दुकानदारानं एक उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरं, मध्येच आकडे, कंस, स्वल्पविराम, काही अर्थ नाही. जणू रागाच्या भरात कुणी टाईपरायटरवर बसलं होतं.

"फाईल खराब आहे, बाई. निदान फॉन्ट तरी गेलाय. तेव्हाचा फॉन्ट आता मिळणं कठीण."

फॉन्ट म्हणजे अक्षराचा पोशाख, हे मला त्या दिवशी कळलं. आत कळांचा क्रम असतो, वरून आपल्या लिपीचा अंगरखा चढवलेला. अंगरखा हरवला आणि अक्षरं रंगपटातल्या नटांसारखी उघडी बसली होती. दुकानदार फाईल बंद करायला गेला.

"थांबा."

बाईंची नजर पडद्यावर होती. दोन्ही हात काउंटरच्या काचेवर आले आणि बोटं हलू लागली. आधी सावकाश. पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर बघायचं, ती कळ जिथे असायची तिथे काचेवर बोट दाबायचं, आणि बोटाला विचारायचं की बाई गं, तू इथे काय उमटवलं होतंस? बोटाला आठवत होतं. ओठ हलायला लागले. दुसऱ्या ओळीला खटखट सुरू झाली, खरी खटखट, काचेवर नखांची, आणि बाई वाचू लागल्या.

"आपले... तिसरे... पत्र मिळाले. तिसऱ्या पाइपचा दोर जीर्ण झाल्याचे आपण पूर्वीच्या दोन पत्रांतही कळविले आहे. नाटकांचा हंगाम चालू असल्याने सदर काम आत्ता हाती घेता येत नाही. हंगाम संपल्यावर पाहू. तोपर्यंत... असेच चालवावे."

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा काढून खाली ठेवला. असेच चालवावे! दोन शब्दांत एका माणसाची कंबर.

"उठा, राजे," बाई म्हणाल्या. "ड्राइव्ह घ्या. मूळ प्रत आणि यंत्र दोन्ही घेऊन जायचं. नंतर सही नाही, शिक्का नाही, काही ऐकून घेणार नाही मी."

स्मरणिकेचं काम त्याच जुन्या कचेरीत चालू होतं. आता तिथे काचेचं टेबल आहे आणि गल्लीत उघडणारी खिडकी विटा लावून बुजवली आहे. बाईंनी दारातून आधी ती भिंत पाहिली आणि जिभेवर आलेलं काहीतरी गिळलं. संपादक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, अतिशय सभ्य गृहस्थ. सभ्य माणसाशी भांडणं फार कठीण असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पडद्यावरचा तो अक्षरांचा चिवडा पाहिला, बाईंनी बोटं नाचवत वाचलेलं पत्र ऐकलं आणि मान हलवली.

"बाईसाहेब, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाही दाखवली. पत्र दाखवलं."

"पण हे पत्र फक्त तुम्हालाच वाचता येतं. उद्या मॅनेजरसाहेबांच्या घरच्यांनी विचारलं, तर मी काय सांगू? एका बाईंच्या बोटांना आठवतं?"

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी सही नव्हती म्हणून वाचलं नाही," बाई म्हणाल्या. "आज वाचलं तर वाचणारी नको. उपरोक्त संस्थेला नक्की हवंय काय?"

संपादक अवघडून हसले. मागे भिंतीशी जुन्या कागदांची खोकी रचली होती, स्मरणिकेसाठी लोकांकडून गोळा केलेली. बाईंचं लक्ष तिकडे गेलं.

"त्या खोक्यांत माझ्या हातचे कागद असणार," त्या म्हणाल्या. "या फ्लॉपीवर सात फाइली आहेत, सातांच्या तारखा समोर दिसताहेत. त्यातल्या कुठल्याही तारखेचा कागद सापडतो का बघा. मला दाखवू नका. राजांनाही दाखवू नका, त्यांना चेहऱ्यावर काही लपवता येत नाही, म्हणून तर ते नट झाले."

अर्धा तास गेला. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी संपादकांना एक सूचना सापडली, पिवळी पडलेली, वर चिकटपट्टीचे डाग. तारीख जुळली. त्यांनी ती छातीशी धरली, पत्ते धरतात तशी, आणि टेबलापलीकडे जाऊन बसले. हातात पेन्सिल.

बाईंनी फाईल उघडली. काचेच्या टेबलावर बोटं चालू लागली.

"सर्व कलावंतांस सूचना. रंगपटातील आरशांना चहाचे कप टेकवून ठेवू नयेत. डाग पडतात. राजवस्त्रे घालून जेवण करू नये."

ही सूचना माझ्यासाठीच होती. मला ती आठवली.

"विग खुंटीवरच ठेवावेत, खुर्चीवर ठेवू नयेत. विग खुंटीवरच ठेवावेत, खुर्चीवर ठेवू नयेत."

पेन्सिल थांबली. संपादकांनी मान वर केली. "पुन्हा वाचलंत?"

"मी नाही पुन्हा वाचलं. दोनदाच टाईप केलंय. साहेब दोनदा म्हणाले होते. जे सांगितलं तेच टाईप केलं." बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तुमच्या कागदावर किती वेळा आहे?"

संपादकांनी कागद उलटा करून टेबलावर आमच्यासमोर ठेवला. ओळ दोनदा होती. एकाखाली एक.

मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं बाईंसमोर पाण्याचा पेला ठेवला. मला तो माणूस तेव्हा आवडला.

"ते वाक्य मी काढून टाकतो," ते म्हणाले.

"काढू नका."

"म्हणजे?"

"काढलं की काहीच घडलं नाही असं होईल. दादा तिथे नव्हतेच असं होईल. जे झालं ते लिहा."

"बाईसाहेब, पानं लागलीत. जागा नाही."

"सातव्या पानावर अध्यक्षांचे चार फोटो आहेत," बाई म्हणाल्या. "चारही फोटोंत ते फीत कापताहेत. राजांकडचा मजकूर बघताना मी मोजले. तीन फितींत संस्थेचं भागेल."

संपादक आता मात्र मोकळेपणानं हसले. त्यांनी संगणकाची कीबोर्ड-पद्धत बदलून जुन्या टाईपरायटरसारखी करून दिली आणि खुर्ची मागे सरकवली. "बसा. तुम्हीच लिहा."

"मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा, मी टाईप करते."

आणि संपादकांनी उभं राहून सांगितलं, त्याच खोलीत, जिथे दादा उभा राहून सांगायचा. बाईंनी पडद्याकडे न बघता टाईप केलं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादाकडे गेलो. तो लेकीकडे राहतो, पलीकडच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. वाटेत चौक आला, पूल आला, भाजीची दुकानं आली, आणि बाईंचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. दादाला काय सुनावायचं याची तालीम चालू होती. "सदर पेटीस लोहचुंबक बसविताना आपण कुणालाही विचारले नाही. परिणामी आपल्याच तीन पत्रांची आपण विल्हेवाट लावली. राजे, 'परिणामी' बरं वाटतं का 'त्यामुळे'?"

"परिणामी," मी म्हणालो. "जास्त लागतं."

"लागलंच पाहिजे. माझी अठ्ठावीस वर्षं गेली त्यात."

जिना चढतानाही चालूच. दाराशी पोचेपर्यंत भाषण पाठ झालं होतं.

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. काठी बाजूला. आता त्याला कडा तेवढ्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांवर उजेड टाकला त्याच्याकडे आता एवढाच उजेड उरला आहे. बाई समोर बसल्या, पिशवीतून कागद काढला आणि वाचला.

"अपघाताच्या सहा आठवडे आधी व्यवस्थापनाने दिलेल्या लेखी उत्तरावरून दिसते, की दिवे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने दोर बदलण्याची मागणी तीनदा केली होती आणि ती पुढे ढकलली गेली. पाईप कोसळला तेव्हा त्यांनी सहकलाकाराला बाजूला ढकलून तो स्वतःच्या अंगावर घेतला. त्यांचा दोष नव्हता."

दादा खुर्चीत पुढे सरकला.

"पुन्हा वाचा, बाई."

बाईंनी पुन्हा वाचलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिनं तोंड फिरवलं.

"छापणार?" दादा म्हणाला.

"छापलं. आज सकाळी."

"माझी पत्रं मिळाली का? तिन्ही?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "तुमच्या पत्राचं उत्तर मिळालं. तेवढं पुरलं."

दादानं मान हलवली. हात लांब करून त्यानं बाईंच्या पिशवीचा बंद चाचपला, आत पेटी आहे का बघत असावा. होतीच. बोटं पत्र्यावरून फिरली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचे जुने दिवे आठवले.

"हिला काय चीज बसवलंय ठाऊक आहे का तुम्हाला? हॉलचा मोठा स्पीकर फुटला होता ना, त्यातलं काढून झाकणाला ठोकलं. म्हटलं, बाईंच्या फ्लॉप्या आहेत, एक कण आत जाता कामा नये. पण एवढी वर्षं झाली, आता सैल झालं असेल. झालं असेल तर ठेवून जा, नवं बसवून देतो."

मी बाईंकडे पाहिलं. पूल ओलांडून, दोन जिने चढून आणलेलं भाषण त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, जणू मीच बोलणार होतो. मग पेटी बाहेर काढली, झाकण थोडं उचललं आणि सोडलं. खट्ट.

"नाही हो दादा," बाई म्हणाल्या, "अजून घट्ट बसतं."